मंडईला जोडीनं

'लग्नाचा वाढदिवस' हा तसा गमतीशीर शब्द आहे. मूल वाढतं, झाड वाढतं, पण लग्न कसं काय वाढतं? (लग्नानंतर वजन वाढतं, तो विषय वेगळा. :) ) हापिसात मात्र या शब्दाला भलताच मान. आमच्या टीममध्ये ज्याचा पहिला-दुसरा वाढदिवस जवळ येतो तो महिनाभर आधीपासून डबा खाताना एकच विषय काढतो : कूर्ग की बाली, मनाली की मुन्नार? मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, गोंदिया. त्यावर एकाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे रे?"

याचं उत्तर द्यायचं राहिलं बाजूला, माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. हनीमून पॅकेजं यायच्या आधी आमच्या भागात नवरा-बायको दोघं मिळून, निव्वळ मजा म्हणून, कुठे जात होते का? आपण सरसकट धरून चालतो की आधीचे लोक घरातच बसायचे, बायका तर बसायच्याच. हे अर्धंच खरं आहे. कुठलं अर्धं, ते शोधण्यात हा वीकांत गेला.

ज्यांना नकाशा लागतो त्यांच्यासाठी : गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला आहे. १ मे १९९९ ला तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. वर मध्य प्रदेशातलं बालाघाट, उजवीकडे छत्तीसगड. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून जो पट्टा होतो त्याला झाडीपट्टी म्हणतात. जंगल, तलाव आणि धान. (आमच्याकडे भात ताटात असतो, शेतात असतो तो धान.) कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापत आमच्याकडे येऊन थांबते. पुण्याहून बसलात तर वीस तासांची निश्चिंती.

तर सुरुवात आठव्या शतकापासून. हसू नका, खरंच.

आमगाव तालुक्यात पदमपूर नावाचं गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूती याने आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं असल्याचं नाटकाच्या प्रस्तावनेत सांगितलंय, आणि ते पद्मपूर म्हणजे हेच पदमपूर, असं नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावच्या कॉलेजला भवभूतीचंच नाव आहे. लहानपणी मला ते कुणीतरी जुने आमदार वाटायचे.

या भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक म्हणजे चक्क एक जोडपं आपल्या जुन्या प्रवासाचा अल्बम बघत बसलंय. फोटो नव्हते, म्हणून भिंतीवरची चित्रं. वनवास संपून राम-सीता अयोध्येत परतलेत, लक्ष्मण एकेक चित्र दाखवतोय, आणि दोघांना दंडकारण्यातले दिवस आठवताहेत. ही तीच झाडी, हे तेच पाणी. बघता बघता गरोदर सीतेला पुन्हा त्या अरण्यात जावंसं वाटतं, भागीरथीत उतरावंसं वाटतं. राम लगेच हो म्हणतो, लक्ष्मणाला रथ तयार ठेवायला सांगतो. आणि तिथे सीता त्याला बजावते की तुम्हीही यायचं हं. हे काय सांगायला हवं, असं त्याचं उत्तर.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मधल्या वेळात हेर लोकापवाद घेऊन येतो आणि तीच सहल तिला सोडून येण्याचं निमित्त होते. तो आलेला नसतो. मला हा सगळा प्रसंग रामायणापेक्षा संसाराचा जास्त वाटतो. फिरायला जायची हौस दोघांची, आणि ऐन वेळी त्याला 'काम' निघालं.

भवभूतीबद्दल आणखी एक गोष्ट : त्याची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत होत असत. म्हणजे देवाची यात्रा आणि त्यात नाटक. याला चिकटून मी काही बाराशे वर्षांची परंपरा वगैरे सिद्ध करणार नाहीये. पण झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला 'यात्रेतलं नाटक' हे दोन शब्द वाचून घरचं वाटतं, एवढं खरं.

आता खऱ्या माणसांकडे येतो. लग्नाच्या तारखेचं कौतुक आपल्याकडे नव्हतं. माझ्या आजीला तिच्या लग्नाची तारीख ठाऊक नाही. धानाची मळणी आटोपली होती एवढं तिला आठवतं. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन असे सोहळे होते, त्यात जोडप्याला पुन्हा शेजारी बसवायचे, हार घालायचे. पण तिथेही मोजायचं वय नवऱ्याचं. लग्नाचं वय कुणी मोजत नसे. 'मधुचंद्र' हा शब्दसुद्धा इंग्रजीवरून बेतलेला. १९६७ साली राजदत्तांचा त्याच नावाचा चित्रपट आला, तोपर्यंत तो शहरात रुळला असावा, पण आमच्याकडे त्या सुमारास नवरा-नवरी बैलगाडीतून जायची आणि तीही सासऱ्याच्या घरी!

पण जोडीने प्रवास करायच्या जागा पंचांगात होत्या. पहिला दिवाळसण घ्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक-जावई दोघांनी माहेरी जायचं, राहायचं, नवे कपडे, गोडधोड. सगळा खर्च सासऱ्याचा. पहिल्या वर्षाची सहल, तीही स्पॉन्सर्ड. मग साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. चांद्र आणि सौर वर्षातला फरक जुळवायला घातलेला महिना लोकांनी जावयाला जेवू घालायला वापरला. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅलेंडरमधला बग होता, त्याचं फीचर केलं. मात्र या प्रत्येक ठिकाणी जोडपं कुणाच्या तरी घरी जातं, निमित्त देवाचं किंवा सणाचं असतं, आणि आजूबाजूला पंधरा माणसं असतात. 'आम्ही दोघं सहज चाललोय' असं म्हणायची सोय कुठेच नाही.

आणि आता मंडई. पुणेकरांनो, भाजीची नाही!

झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाडवा-भाऊबीजेपासून सुरू होते आणि पुढे कितीतरी दिवस चालते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दिवसा बाजार : ऊस, तलावातले शिंगाडे, जिलबी, फुगे, बांगड्या. गोवारी लोक वाजतगाजत नाचत येतात. संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरात पाहुण्यांची पंगत. आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटे चार-पाचला पडतो. हा मोसम पुढे हिवाळाभर चालतो, कारण मंडई संपली की शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात आणि पटाच्या रात्रीही नाटक ठरलेलंच.

याचं वेळापत्रक धानाने आखलेलं आहे. हलका धान दिवाळीच्या आसपास कापून होतो, हातात थोडा पैसा येतो, पाऊस गेलेला असतो, थंडी अजून बोचत नाही. तलाव भरलेले असतात म्हणून शिंगाडा. हे तलावही आपोआप झालेले नाहीत, कोहळी समाजाने बांधलेत. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला असं सांगतात. म्हणजे आमच्या करमणुकीच्या मुळाशी पाटबंधारे आहेत. एखाद्या इंजिनियरला याहून जास्त अभिमान कशाचा वाटणार?

पण मला सगळ्यात आवडतं ते मंडईचं डिझाईन. सगळ्या गावांची मंडई एकाच दिवशी असती तर कुणीच कुणाकडे गेलं नसतं. दिवस वेगवेगळे असल्यामुळे प्रत्येक घर एकदा यजमान होतं आणि बाकीचे दिवस पाहुणं. आज तुम्ही आमच्याकडे, परवा आम्ही तुमच्याकडे. लोड बॅलन्सिंग म्हणा ना. त्यात सोयरिकी जुळायच्या, हा मोठा भाग. लग्नाळू मुलगा पाहुणा म्हणून येतो, मुलगी दुरून दिसते, पुढच्या मोसमात लग्न, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला तीच दोघं रेंगीत बसून माहेरच्या मंडईला. माझ्या आजी-आजोबांचं असंच झालं.

आजीचं सासर, म्हणजे आमचं गाव, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. लग्न झालं तेव्हा ती पंधरा-सोळाची असेल. मी तिला विचारलं, तुम्ही दोघं मंडईत फिरायचात का गं? ती हसली. माहेरच्या मंडईला जाताना गाडीत शेजारी बसायचं, तेवढंच जोडीने. गावात पोचलं की आजोबा पुरुषांत, ती बायकांत. नाटकालाही तसंच, मधून दोरी, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका-पोरं. तरी ती म्हणते ते दिवस फार चांगले. कारण माहेरच्या मंडईत ती लेक होती, पाहुणी होती. तिला कुणी उठवत नव्हतं. परतीच्या वाटेवर दोघं रात्रीच्या नाटकाबद्दल बोलायची. ती म्हणायची खलनायकच चांगला होता, आजोबांना पटायचं नाही, घर येईपर्यंत वाद. तिच्या मते त्या काळात दोघांचं खरं बोलणं फक्त त्या वाटेवर झालं.

मग मी विचारलं, आणि आपल्या गावची मंडई? आपल्याकडचं नाटक कसं असायचं?

"पाहाले टाइम कोनाले होता बाबू? आयकू ये तेवढाच."

घरी तीस-चाळीस पाहुणे. दुपारपासून चूल. रात्री पंगती उठेपर्यंत अकरा, मग भांडी, मग सकाळच्या चहा-फराळाची तयारी. नाटक घरापासून हाकेच्या अंतरावर, पेटीचे सूर आणि संवाद सगळे घरात ऐकू येत. आजोबा पुढच्या रांगेत. मी वर जे लोड बॅलन्सिंगचं कौतुक केलं ना, ते पुरुषांपुरतं पूर्ण चालतं. बाईला पाहुणी व्हायचं असेल तर सासरने माहेरी पाठवायला हवं. आजीचा हिशेब बोटांवर आहे : माहेरची मंडई एकूण आठ वेळा. सासरची पंचावन्न वर्षं, आणि त्यात शेवटपर्यंत पाहिलेलं नाटक एकही नाही.

असो. रेल्वेकडे येतो, कारण तिच्यामुळे 'दूर' या शब्दाचा अर्थ बदलला. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे १८८०च्या दशकात गोंदियावरून गेली, ती आधी मीटर गेज होती. मग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली आणि रुंद केली. याच लोहमार्गाच्या पुढच्या टोकाला राजनांदगाव. तिथल्या नोकरीवर जाताना ना. वा. टिळकांना गाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला आणि त्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर काय आकाश कोसळलं ते 'स्मृतिचित्रे'त वाचा. दोघं कित्येक वर्षं वेगळी राहिली, १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. राजनांदगावची गाडी गोंदियावरूनच जाते, आणि तिथून जाताना मला दर वेळी वाटतं की त्या दिवशी लक्ष्मीबाई शेजारच्या बाकावर असत्या तर? निदान पहिलं भांडण तरी गाडीतच झालं असतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे सातपुड्यातून नॅरोगेज गेली (२०२१ पर्यंत तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला) आणि गोंदिया मोठं जंक्शन झालं. सामान्य जोडप्यांना त्याचा पहिला उपयोग काय झाला? देवदर्शन. डोंगरगडची बम्लेश्वरी. गोंदियाहून पूर्वेकडे गाडीत बसायचं, दरेकसाच्या जंगलातून, बोगद्यातून जायचं, हजारावर पायऱ्या चढायच्या. (आता रोप-वे आहे.) लग्नानंतर जोडीने दर्शनाला जायचं हे इतकं पक्कं आहे की ती सहल आहे असं कुणाला वाटतच नाही. पण पायऱ्यांवर बसून खाल्लेले चिवडा-केळी, रेल्वेच्या खिडकीतून पावसाळ्यातली दरेकसाची झाडी, हे देवाच्या खात्यात कसं टाकणार?

याच दरेकसा-सालेकसा भागात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, लांबलांबच्या राज्यांतून लोक येतात, सगळं घरदार डोक्यावर गाठोडं घेऊन डोंगर चढतं. तिथे आजीसारखा हिशेब लागू होतो का, हे त्यांनीच सांगायचं. बाहेरून बघून मी लिहिणं बरोबर नाही.

माझ्या आई-बाबांचं लग्न नव्वदीतलं. बाबा जिल्हा परिषदेत मास्तर. त्यांच्या अल्बममध्ये नवेगावबांधचा एक फोटो आहे : मागे तलाव आणि डोंगर, बाजूला बजाज चेतक, आणि दोघांच्या मध्ये एक अख्खा माणूस मावेल एवढी जागा. फोटो तिथल्या चौकीदाराने काढला म्हणे. नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. मारुती चितमपल्ली (२०२५ च्या जूनमध्ये गेले) वनाधिकारी म्हणून तिथे होते आणि त्यांच्या लिखाणाने नवेगाव घराघरात पोचलं. बाबांनी ती पुस्तकं वाचलेली, बायकोला ते सगळं दाखवायचं होतं. पण घरून निघताना काय सांगितलं? महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला जातो! (महाबळेश्वरजवळचा नाही, आमचा प्रतापगड वेगळा. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही, दोन्हीकडे गर्दी.) दर्शन घेतलं, मग १९७२ पासून तिथे वसलेल्या तिबेटी लोकांची वस्ती पाहिली, इटियाडोहचं धरण पाहिलं, आणि परत येताना नवेगाव. आजीला हे तेव्हाच कळलं होतं. स्कूटरला लागलेली माती प्रतापगडच्या वाटेची नव्हती म्हणे. ती काही बोलली नाही, यातच काय ते आलं.

आता असं खोटं बोलायची गरज नाही, पण स्कूटर घेऊन सहज जाताही येत नाही. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आता बुकिंग, गेट, जिप्सी, गाईड. वाघासाठी ते बरं आहे. बुकिंग साईटबद्दल मी काही बोलत नाही, व्यवसायबंधूंची बाजू घ्यावी लागते.

नाटकाचं उलट झालं. आधी गावातलीच पोरं नाटक बसवायची, बायकांची कामंही तेच करायचे. आता वडसा (देसाईगंज) हे या रंगभूमीचं केंद्र आहे, तिथल्या कंपन्यांचे दौरे महिनोन्महिने आधी ठरतात. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावाने जणू आपल्याच घरी आल्यासारखे पेढे वाटले. शंकरपटाचं मात्र मध्ये अडलं होतं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पण पट नाही म्हणजे पटाचे पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत म्हणजे कुणाच्या तरी लेकीचं माहेरी येणं नाही, हेही त्या साडेसात वर्षांत झालं.

आमचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटचं, तुळशीचं लग्न झाल्याबरोबर. त्यामुळे वाढदिवस आणि गावची मंडई एकमेकांच्या आसपास पडतात. बायको साताऱ्याकडची. पहिल्या वर्षी तिला मंडई दाखवायला नेलं. हल्ली नाटकाला खुर्च्या असतात, तिकीट असतं, दोरी कधीच गेली, जोडपी शेजारी शेजारी बसतात, बायका तर पुरुषांपेक्षा जास्त असाव्यात असं वाटतं. साडेनऊला आम्ही तयार होऊन निघालो तेव्हा बायकोने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "आई, तुम्हीही येताय ना?" आई कढई घासत होती. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. रात्री एकच्या सुमारास बायको मला म्हणाली, या खुर्च्यांवर ज्या बायका बसल्यात त्या सगळ्या दुसऱ्या गावच्या आहेत, तुझ्या लक्षात आलं का? ते खरं होतं. दोरी गेली होती, आजीचा हिशेब तसाच होता.

दुसऱ्या वर्षी तिने कूर्ग-बाली काही मागितलं नाही. म्हणाली, ते पैसे आचाऱ्याला द्यायचे. यावर घरात जे झालं ते विचारू नका. मंडईच्या पाहुण्यांना आचाऱ्याच्या हातचं? बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मंडईचं जेवण म्हणजे घरचा हात, त्यासाठीच पाहुणे येतात, नाहीतर जेवायला हॉटेलं काय कमी आहेत? चार दिवस फोनवर हाच विषय. शेवटी आजीने निकाल दिला. भात आणि वरण घरचं, बाकीचं आचारी करेल, आणि वाढायला घरातले पुरुष. बाबा वाढण्यात पटाईत निघाले. आग्रह करायची सवय मास्तरकीतली.

रात्री दहाला आई, आजी, बायको आणि मी असे चौघं नाटकाला. बाबा साडेअकराला आले, भांडी आटोपून. आईच्या शेजारची खुर्ची तिने शाल टाकून अडवून ठेवली होती. आजी दोन वाजता पेंगली, तरी घरी चल म्हटलं तर हलेना. पहाटे पावणेपाचला पडदा पडला. परत येताना थंडी होती, रस्ता अंधारा, बाबा बॅटरी घेऊन पुढे. आईचं मत पडलं की गाणी फार होती आणि नायकाचं वय झालंय. बाबांना ते पटलं नाही. घर येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

परतीच्या दिवशी गोंदियाजवळच्या परसवाड्याच्या तलावाकडे आम्ही दोघं सारस बघायला गेलो. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ आमच्याच जिल्ह्यात उरलेत, २०२० नंतरच्या गणनांत आकडा पन्नासच्या आत. आयुष्यभर जोडीने राहणारा पक्षी म्हणून त्याची ख्याती. बायकोने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, दोघंही चरताहेत, एकानेही दुसऱ्याला आयतं आणून दिलं नाही अजून.

या वर्षी मामाच्या गावची मंडईही धरली आहे. तिकडे आई पाहुणी. महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढलीत, एक कन्फर्म आणि एक आरएसी.